प्रकरण चौदावे : धुतल्याशिवाय डिलिव्हरी नाही

रविवार, नऊ फेब्रुवारी. सकाळी सव्वासात वाजता सृष्टीने शोरूमचं शटर वर ढकललं आणि समोरच्या भिंतीला टेकवलेला बोर्ड तिला लालभडक दिसला.

शनिवारी दुपारी ती उमरीला गेली तेव्हा तो लाल नव्हता. सहा फूट रुंद इनॅमलचा पत्रा, त्यावर उडी घेतलेलं हरीण, खाली 'सारंग स्कूटर : घरचीच सवारी' ही अक्षरं. एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासून नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरच्या धुळीत टांगलेला. मूळचा लाल रंग विटकरी पडला होता, कडांना गंज चढला होता, हरणाच्या पोटावर चार टवके उडाले होते. लातूरच्या डॉक्टरांना तो तसाच हवा होता. महिन्याभरात त्यांनी बोर्डाचे फोटो अकरा वेळा मागवले होते, त्यातले सात नुसत्या गंजाचे.

आता गंज नव्हता. टवके नव्हते. हरणाचा डोळा नव्याने काढलेला होता आणि तो किंचित तिरळा झाला होता.

"आबा!"

तिचे आजोबा, शेषेराव उमरीकर, मागच्या वर्कशॉपमधून हात पुसत आले. वय एकोणऐंशी, पांढरा सदरा, उजव्या बाहीवर लाल ठिपके. त्यांच्या मागे शरणप्पा. हा देगलूरचा, सदतीस वर्षं इथला हेडमिस्त्री, दुकान बंद झाल्यावरही रोज सकाळी चहाला येणारा.

"बघ," शेषेराव म्हणाले. "काल तू गेलीस की लागलो कामाला. शरणप्पानं पेपर मारून गंज घासला, टवक्यांत लांबी भरली, मग म्या रंगाचे दोन हात दिले. डॉक्टर म्हणतील, नवा कोरा हाय का काय!"

"आबा, त्यांना नवा नकोच होता."

"गिऱ्हाईक वरवर म्हणतंय तसं. गंजका माल न्यायला लातूरहून कोण येतंय?"

"तेच येऊन राहिलेत! गंजासाठीच!"

शरणप्पाने मालकांकडे पाहिलं. मालकांनी हरणाकडे पाहिलं.

"डोळा मातर मी न्हाई काढला," शरणप्पा म्हणाला.

सृष्टी टायरच्या जुन्या स्टुलावर बसली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं हसू, आणि ते आवरेना. मग तिने विचारलं, "डॉक्टरांच्या बाकीच्या तीन वस्तूंना काय काय केलं?"

"फिरत्या ओट्याला ग्रीस. फायबरच्या हरणाला आंघोळ."

"आणि अर्ध्या इंजिनाला?"

"त्याला कोण हात लावतंय?" शरणप्पा दुखावला. "त्ये माझं हाय."

शेषेरावांनी जे केलं ते त्यांच्या लेखी चूक नव्हती. एकोणीस वर्षांत या शोरूममधून चार हजारांवर सारंग गेल्या आणि त्यातली एकही न धुता गेली नाही. कारखान्यातून खोक्यात आलेली नवी गाडीसुद्धा. मडगार्डवर चिखलाचा एक थेंब दिसला म्हणून एका मंत्र्याच्या मेहुण्याला त्यांनी भर उन्हात पाऊण तास उभं केलं होतं, डिलिव्हरीच्या नारळासकट. पुढे कंपनी बंद पडली. शोरूम टायर-बॅटरीचं दुकान झालं, चार वर्षांपूर्वी तेही मिटलं. नियम मात्र कुणी रद्द केला नव्हता. माल बाहेर जाणार होता, म्हणून शेषेरावांनी तो तयार केला.

अडचण अशी होती की या मालावर हॉल पणाला लागला होता.

शोरूमचा हॉल एका कोचिंग क्लासला द्यायचा, हा थोरल्या मुलाचा, शिवशंकरचा, बेत. सृष्टीला तो हॉल तिच्या कामासाठी हवा होता. मराठवाड्यातली बंद पडलेली शोरूमं शोधायची, तिथल्या शोभेच्या वस्तू उचलायच्या, दुरुस्त करायच्या आणि गाड्यांच्या शौकिनांना गॅरेज सजवायला विकायच्या. भिंतीवरचं घड्याळ हैदराबादला गेलं होतं, किल्ल्यांचं कपाट कोल्हापूरला, टायरचे तीन स्टँड पुण्याला. शिवशंकरने याला "भंगाराचा छंद" असं नाव दिलं होतं. गेल्या बुधवारी बरीच आदळआपट झाल्यावर त्यानेच अट घातली. डॉक्टरांनी चारही वस्तू नेल्या तर हॉल सृष्टीचा. एकही राहिली तर क्लासचा. क्लासवाल्यांना रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

डॉक्टर अकराला येणार होते.

*

हरिओम, सृष्टीचा बाप, पावणेआठला खाली आला. शाळामास्तर माणूस, भांडणात दोन्ही बाजू पटायच्या ही त्याची जुनी अडचण. बुधवारी त्याने सकाळी मुलीची बाजू घेतली होती, दुपारी भावाची, आणि रात्री जेवताना दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून बायकोकडून फोनवर बोलणी खाल्ली होती. ती किनवटला आश्रमशाळेत वसतिगृहावर होती. तिचा कौल स्पष्ट होता: पोरीच्या मागे उभं राहायला जमत नसेल तर निदान समोर तरी उभे राहू नका.

त्याने बोर्ड पाहिला. "छान दिसून राहिला की," तो म्हणाला.

"पप्पा!"

"न्हाई, म्हणजे... छान दिसायला नव्हता पाहिजे, हे खरं."

शरणप्पा बोर्डाजवळ उकिडवा बसला होता. त्याने नखाने कडेचा रंग खरवडला. रंग वरून सुकला होता, आतून अजून चिकट होता. खालून जुना विटकरी दिसला.

"मालक, खालचा रंग भट्टीत भाजलेला हाय. काचंवानी. त्याला थिनर लागत न्हाई. वरचा आपला कालचा, त्यो निघंल."

"म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल?" सृष्टी उठली.

शरणप्पाने नखाखालचा लाल रंग पुसला. तो खोटं बोलण्याआधी थांबायचा आणि मग खोटं बोलायचाच नाही. "पेपर मारला तिथला गंज गेला पोरी. त्यो काय परत येतोय व्हय? पावसाळे लागतेत त्याला."

"किती?"

"धा-बारा."

थिनरचे दोन डबे वर्कशॉपमध्ये होते. चिंध्यांसाठी हरिओम वर गेला तो आईला, सिंधूबाईंना, घेऊनच आला. त्यांच्या हातात एक जुनं लुगडं आणि कात्री होती.

सिंधूबाई बहात्तर वर्षांच्या. सारंग नवी आली तेव्हा बायका स्कूटर चालवतील यावर नांदेडात कुणाचा विश्वास नव्हता. शेषेरावांनी पेपरात जाहिरात देण्याऐवजी बायकोला शिकवली, आणि त्या महिनाभर रोज संध्याकाळी नऊवारीत वजिराबादेतून हिंगोली गेटपर्यंत चकरा मारत राहिल्या. पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्यात थांबून बघू लागले. चौथ्या आठवड्यात दोन शिक्षिका चौकशीला आल्या. या घरात विक्रीचं काम आपण सुरू केलं, असं त्यांचं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

बोर्ड बघून त्या नवऱ्याकडे वळल्या. "आहो, लग्नात मला बी आसंच रंगवून आणायला सांगितलं होतं का तुम्ही?"

"तेव्हा गरज नव्हती."

"आन आता?"

शेषेरावांनी चिंधी उचलली.

साडेआठला शिवशंकरची गाडी लातूरहून आली तेव्हा त्याला दिसलं ते असं: बोर्ड जमिनीवर आडवा, त्याच्याभोवती त्याचे आईबाप, भाऊ, पुतणी आणि मिस्त्री गुडघ्यांवर, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल, आणि आई सांगत असलेल्या कुठल्याशा गोष्टीवर सगळे खो-खो हसत असलेले. वर थिनरचा वास. दारात फायबरचं चार फुटी हरीण हेल्मेट घालून उभं, एकच शिंग असलेलं. दुसरं शिंग सृष्टीने कालच उमरीच्या शेतातल्या आखाड्यावरून शोधून आणलं होतं आणि ते खुर्चीवर ठेवलेलं होतं.

"काय चाललंय हे?"

हरिओमने सांगितलं. शिवशंकर बावन्न वर्षांचा, लातुरात जागा भाड्याने मिळवून देण्याचा धंदा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि पायाने खुर्ची ओढली. शिंग उचलून मांडीवर ठेवलं आणि बसला.

"म्हणजे तीनच वस्तू राहिल्या," तो म्हणाला.

"अजून अकरा वाजले नाहीत, मोठे बाबा," सृष्टी म्हणाली.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तोंड बोलून राहिलंय तुमचं."

"शंकर," सिंधूबाईंनी वर न बघता म्हटलं, "बूट काढ. चिंधी घे."

"आई, मी हिच्या विरुद्ध पार्टीत आहे. मी कसा पुसू?"

"पार्टी सहा वाजता कर. आत्ता हरणाचं पोट राहिलंय."

"माझी पँट नवी आहे."

"मग पँट काढ," शेषेराव म्हणाले.

शिवशंकरने बूट काढले, चिंधी मात्र घेतली नाही. दहा मिनिटं त्याने खुर्चीवरून सूचना दिल्या: गोल पुसू नका, उभं पुसा, अक्षरांवर दाबू नका. अकराव्या मिनिटाला हरिओम 'सवारी'तली शेवटची वेलांटी पार उडवणार असं त्याला वाटलं. "आरं हट रे मास्तर," म्हणत तो खाली बसला. पँट सव्वानऊपर्यंत टिकली.

*

डॉक्टर वीस मिनिटं कमी अकराला आले. तोपर्यंत दोन तृतीयांश बोर्डाचा रंग उतरला होता. हरणाचं तोंड आणि पुढचे पाय कालचेच होते, ताजे लाल. मागचं अंग जुनं. हरीण उडी मारता मारता तरुण झाल्यासारखं दिसत होतं.

डॉ. वीरभद्र हालकुडे त्वचारोगतज्ज्ञ. बरोबर पत्नी तनुजा. औशाच्या रस्त्यावर घर बांधताना त्यांनी खाली सहा जुन्या स्कूटरींसाठी मोठं गॅरेज काढलं होतं आणि ते ऐंशीच्या दशकातल्या शोरूमसारखं सजवायचं ठरवलं होतं. नकाशात घराआधी गॅरेज आखलं, हे तनुजाबाईंनी आत शिरतानाच सगळ्यांना सांगितलं. पुढचं वाक्य त्यांनी हरणाला पाहून अर्धवट सोडलं.

"अगं बाई! हे हेल्मेट खरं आहे?"

"खरं आहे," सृष्टी म्हणाली. "शिंगं बाहेर यावीत म्हणून दोन भोकं पाडलीत."

डॉक्टर थेट बोर्डाकडे गेले होते. ते वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि पेशंटच्या पाठीवरून फिरवावी तशी दोन बोटं पत्र्यावरून फिरवली. जिथे पेपर मारला होता तिथे बोटं थांबली.

शिवशंकर सृष्टीच्या कानाशी आला. निकाल त्याच्या बाजूने लागत होता, तरी तो कुजबुजला, "म्हण की कंपनीनंच तसा पाठवला होता."

"न्हाई म्हणणार," ती म्हणाली, आणि पुढे झाली. "डॉक्टर, काल आमच्या आबांनी रंगवला हा. तुम्हाला चांगला मिळावा म्हणून. आज आम्ही सगळे मिळून रंग काढून राहिलो. काचेचा मुलामा तसाच आहे, पण या चार जागचा गंज गेला. तो परत येणार नाही. फोटोत होता तसा हा आता नाही."

डॉक्टर उभे राहिले. "आबा कोण?"

शेषेरावांनी लाल हात वर केला.

"का रंगवलात?"

"मळका माल गिऱ्हाइकाला द्यायचा आसतोय का, डॉक्टर?"

डॉक्टर हसले, पण थोडंच. "मी दिवसभर लोकांचे डाग घालवतो. वांग, मुरूम, चट्टे. घरी आल्यावर मला एक तरी गोष्ट डागांसकट बघायची होती. म्हणून हा बोर्ड." त्यांनी चष्मा खाली घेतला. "माझं सगळं गॅरेज याच्याभोवती आखलं होतं. हाच नाही तर बाकीचं... बघू. विचार करून कळवतो."

सृष्टीचा चेहरा तिच्या बापाने पाहिला. हरिओमला त्या क्षणी पहिल्यांदा एकच बाजू पटली, पण काय करावं ते सुचलं नाही.

ज्याला सुचलं तो शिवशंकर होता, आणि त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. बारा वर्षं तो या हॉलमध्ये सेल्समन होता. 'कळवतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक त्याच्या आठवणीत एकदाच परत आलं होतं, तेही छत्री विसरली म्हणून. हा शब्द कानावर पडला की त्याचे पाय आपोआप गिऱ्हाइकाच्या आणि दाराच्या मध्ये जायचे. आताही गेले. अनवाणी.

"कळवा की, सावकाश कळवा," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे? पण इतक्या लांब आलात, एक चक्कर तर बघून जा. हरी, ओट्याचं बटण दाब. डॉक्टर, तुमच्या वडिलांनी सारंग आमच्याकडूनच घेतली असणार बघा."

"माझ्या वडिलांकडे सायकल होती."

"मग तर तुम्हाला बघायलाच पाहिजे!"

हरिओमने बटण दाबलं. हॉलच्या मधोमध असलेला लाकडी गोल ओटा कण्हला, हलला आणि फिरू लागला. त्यावर स्कूटर नव्हती. होतं ते अर्धं इंजिन, लोखंडी स्टँडवर. अख्ख्या इंजिनाचा एक गाल उभा कापलेला, आतलं सगळं उघडं: हवा-पेट्रोलची वाट निळी, जळण्याची जागा लाल, धुराची काळी.

"शरणप्पा, हँडल घे," शिवशंकर म्हणाला. शरणप्पा घसरत घसरत ओट्यावर चढला आणि फिरत्या ओट्यावर बसून त्याने हँडल फिरवलं. पिस्टन वर गेला. माथ्यावर बॅटरीचा इवलासा बल्ब पेटला. पिस्टन खाली आला.

"ही ठिणगी," शिवशंकरचा आवाज बदलला होता, मोठा आणि गोल झाला होता. "ठिणगी पडली, स्फोट झाला, पिस्टन खाली. खाली जाता जाता धूर बाहेर, ताजं पेट्रोल आत. दोन हेलपाट्यांत काम खलास. म्हणून हिला टू-स्ट्रोक म्हणायचं, वहिनी. घरात एक माणूस भाजी आणायला जातो आणि त्याच फेरीत दळण पण टाकून येतो, तसं."

"आमच्याकडे असा माणूस नाही," तनुजाबाई म्हणाल्या.

डॉक्टर ओट्याबरोबर गोल चालत होते. इंजिन नजरेआड होऊ नये म्हणून. "कंपनीनं कापून पाठवलेलं ना हे? अशी मॉडेलं मी फक्त फोटोत बघितलीत."

"कंपनीचंच—" शिवशंकरने सुरुवात केली.

"न्हाई," शरणप्पा ओट्यावरून म्हणाला. डॉक्टर बोलायला थांबले तेवढ्यात ओट्याने त्याची पाठ त्यांच्याकडे केली होती, आणि ओटा फिरून परत समोर येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. "कंपनी फकत मुंबई-हैदराबादच्या शोरूमला द्यायची. आम्हाला म्हणाली, नांदेडला काय करायचंय. मालक बेजार झाले. मग एक जळकं इंजिन होतं पडलेलं, त्ये म्या कापलं. हॅक्साब्लेडनं. तेवीस दिवस लागले."

"हाताने?"

"मशीन कुठं होती तवा? साठ पाती मोडली. हे बघा," त्याने हँडल सोडून अंगठा दाखवला, "हितलं नख वाकडं उगवतंय तवापासून."

डॉक्टरांनी अंगठा हातात घेतला आणि सवयीने उजेडाकडे वळवून पाहिला. मग इंजिनाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ नव्हती. जवळून पाहिलं तर तिच्यावर पात्याच्या बारीक रेघा दिसत होत्या, एका दिवसाच्या एकीकडे झुकलेल्या, दुसऱ्या दिवसाच्या दुसरीकडे.

"या पुसल्या कशा नाहीत कुणी?" त्यांनी विचारलं.

"मालक लई मागं लागले होते पॉलिश मार म्हणून," शरणप्पा म्हणाला. "म्या म्हणलं, नोकरी सोडतो."

"दोनदा सोडली पण होती," सिंधूबाई म्हणाल्या. "दोनदा मीच देगलूरला जाऊन आणला."

डॉक्टरांनी इंजिन घेतलं. ओटा घेतला, कारण ओट्याशिवाय इंजिन पाहण्यात अर्थ नव्हता, हे शिवशंकरने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. हरणावर नवराबायकोत मतभेद झाला: तनुजाबाईंना ते दिवाणखान्यात हवं होतं, डॉक्टरांना गॅरेजमध्ये. "घर तुझं, गॅरेज माझं, असं ठरलंय ना?" "हो, आणि हरीण घरातलं आहे." हरीण कुठेही राहिलं तरी गेलंच होतं. सृष्टीने त्याचं दुसरं शिंग तिथल्या तिथे बसवून दिलं आणि भाव सांगितला. शिवशंकरने तो ऐकून मागून तिला चिमटा काढला. कमी सांगितला म्हणून.

राहिला बोर्ड. डॉक्टर परत त्याच्यासमोर गेले.

"हा पूर्ण साफ झाल्यावर कसा दिसेल, मला आत्ता कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही काम पुरं करा, फोटो पाठवा. मग सांगतो. खरंच सांगतो."

"कधी?" सृष्टीने विचारलं.

"फोटो आला की."

*

तीन वस्तू टेम्पोत चढवायला दीड तास गेला. शेषेरावांनी तेवढ्या वेळात फायबरच्या हरणाला आणखी एकदा आंघोळ घातली आणि कुणी त्यांना अडवलं नाही. इंजिनाजवळ ते ओली चिंधी घेऊन गेले, तेव्हा शरणप्पा मध्ये उभा राहिला. मालक मागे फिरले.

मग डिलिव्हरी झाली, जशी व्हायची तशीच. सिंधूबाईंनी इंजिनाला हळदकुंकू लावलं. शेषेरावांनी नारळ फोडला, टेम्पोच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा किल्लीच नव्हती. इंजिनाला किल्ली नसते. डॉक्टर हात पुढे करून उभे होते. शरणप्पाने हँडल काढून शेषेरावांच्या हातात दिलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी डॉक्टरांना दिलं. तनुजाबाईंनी फोटो काढला. हॉलबाहेर रस्त्यावर सात-आठ माणसं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकाने विचारलं, "शोरूम परत चालू झालं का हो?"

"हाव," हरिओम म्हणाला.

शिवशंकरने मान वळवून भावाकडे पाहिलं. हरिओमने नजर काढली नाही.

"अट चारची होती, हरी."

"माहीत आहे. तीन तू विकलीस."

"मी? मी कशाला विकू? माझं तोंड आपलं चालू झालं..." सिंधूबाई हसू लागल्या, मग सृष्टी, मग शरणप्पा, आणि शेवटी शिवशंकरही, कपाळाला हात लावून. कपाळावर लाल पंजा उमटला.

ओटा लेव्हलमध्ये बसला नाही तर फिरताना अडकतो. डॉक्टरांकडे तो पाण्याच्या नळीने लेव्हल करून बसवणं शिवशंकरशिवाय कुणाला येत नव्हतं. शरणप्पाचे गुडघे लातूरपर्यंतच्या टेम्पोला तयार नव्हते. म्हणून पावणेदोनला शिवशंकर स्वतःची गाडी नांदेडात ठेवून टेम्पोच्या केबिनमध्ये चढला. कपाळ त्याने धुतलं नव्हतं.

"मोठे बाबा," सृष्टी खिडकीखाली आली. "सहा वाजता तुम्ही क्लासवाल्यांना काय सांगणार?"

"बोर्ड गेला का?"

"न्हाई अजून."

"मग मला तरी कसं माहीत असंल?"

टेम्पो लोह्याच्या दिशेने गेला. उरलेले पाच जण जेवून परत बोर्डाभोवती बसले. शेषेरावांना हरणाचा डोळा पुसायचं काम देण्यात आलं. त्यांनी ते निमूट केलं. चार वाजता शेवटची चिंधी टाकली. बोर्ड विटकरी होता, कडांना गंज होता, पोटावरच्या चार जागी मात्र नुसता पांढुरका पत्रा. सृष्टीने त्या चार जागांचे फोटो आधी काढले, मग अख्ख्या बोर्डाचा. चार वाजून बारा मिनिटांनी पाठवले. डॉक्टरांनी पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा चार वीसला आल्या. उत्तर आलं नाही.

सहाला दहा कमी असताना शिवशंकरचा फोन आला. मागे ओटा फिरल्याचा आवाज होता आणि कुणीतरी लहान मूल ओरडत होतं, मला बसू दे, मला बसू दे.

"सृष्टी, मोटरच्या खोक्यातले दोन जादाचे बोल्ट कुठले?"

"मागच्या पट्टीचे. मोठे बाबा, बोर्डाचं काही म्हणाले का डॉक्टर? आणि क्लासवाल्यांना—"

"थांब, ओटा डावीकडं झुकून राहिला. करतो फोन."

सहा वाजले. सव्वासहाला हरिओमने भावाला फोन लावला, तो व्यस्त लागला. सिंधूबाईंनी लावला, त्यांनाही व्यस्त लागला. शिवशंकर कुणाशी बोलत होता आणि काय, हे साडेसहापर्यंत नांदेडात कुणाला कळलेलं नव्हतं.